बुद्धीचें माप

“हा मुलगा मूळचाच मंद आहे, त्याच्या कपाळीं विद्या नाहीं,” हें वाक्य आपण सर्वांनीं केव्हां ना केव्हां ऐकिलेलें असतें. शाळेंत ऐकिलेलें असतें, ओटीवर बसलेल्या वडील मंडळींच्या तोंडून ऐकिलेलें असतें. आणि ज्याच्याविषयीं तें बोललें जातें तो मुलगा बहुधा दाराआड उभा राहून सर्वांत अधिक लक्षपूर्वक तें ऐकत असतो. पूर्वीं हें वाक्य नशिबाच्या नांवानें बोललें जाई. हल्लीं तें शास्त्राच्या नांवानें बोललें जातें. “त्याचा आयक्यू कमी आहे” असें म्हटलें म्हणजे वाद संपला, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. नशीब कोणास दिसत नाहीं, पण आंकडा कागदावर लिहिलेला असतो! हा आंकडा कोठून आला, तो काय मोजतो, आणि आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणून ठेविला असतां त्याची काय गत होते, हें वाचकांस सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. पृथ्वीविषयींचे सिद्धान्त आणि मनाविषयींचे सिद्धान्त यांत मोठा भेद आहे. पृथ्वी सपाट आहे असें लोक मानीत होते तेव्हांही ती वाटोळीच होती. त्यांच्या मतानें तिच्या आकारांत तिळमात्र फरक पडला नाहीं. मनाची गोष्ट तशी नव्हे. ‘तूं मंद आहेस’ असें एखाद्या मुलास पांच वर्षें सांगत राहिलें, तर तो वर्गांत हात वर करण्याचें सोडून देतो, शिक्षक त्यास प्रश्न विचारण्याचें सोडून देतात, बाप वह्या आणून देण्याचें सोडून देतो, आणि सहाव्या वर्षीं आपला सिद्धान्त अगदीं खरा ठरल्यासारखा दिसतो. सिद्धान्तानें ज्याचें वर्णन करावयाचें, त्यालाच तो हळूहळू घडवीत जातो.

भाषेंतही हें दिसून येतें. ‘न्यूनगंड’ हा शब्द आज आमचे विद्यार्थी निबंधांत सहज लिहितात. तो आपल्या आजोबांच्या आजोबांस ठाऊक नव्हता. व्हिएन्ना येथील वैद्य आल्फ्रेड ॲडलर यांच्या कल्पनेस मराठी पेहराव चढवून तो आपल्याकडे आला. पूर्वीं चारचौघांत न बोलणारा मुलगा बुजरा असे, भिडस्त असे, लाजाळू असे. आणि बुजरेपण वयाबरोबर जातें असें सारे समजून चालत. आतां त्यास गंड झालेला असतो, व गंड म्हटला कीं उपचार आलाच. एका शब्दानें स्वभावाचें दुखणें झालें. हें नेहमींच वाईट असतें असें नाहीं. ज्यांस खरोखर दुखणें आहे अशा पुष्कळांस त्याचें नांव कळल्यानें मोठा आधार मिळाला आहे.

आतां मापाच्या जन्मकथेकडे वळूं. फ्रान्स देशांत शिक्षण सक्तीचें झाल्यावर सर्व थरांतील मुलें शाळेंत येऊं लागलीं. त्यांपैकीं कांहींस नेहमींच्या वर्गांत शिकणें फार जड जाई. अशा मुलांस कसें ओळखावें व त्यांची निराळी सोय कशी लावावी, याचा विचार करण्यासाठीं तेथील शिक्षण-खात्यानें १९०४ सालीं एक समिति नेमिली. तीमध्यें आल्फ्रेद बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनीं थेओदोर सिमाँ यांच्या साहाय्यानें १९०५ सालीं तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. पेटती काडी डोळ्यांपुढून फिरविली तर मूल तिच्याकडे पाहतें काय, चित्रांतील वस्तु ओळखतें काय, ऐकलेले आंकडे त्याच क्रमानें म्हणतें काय, असे साधे प्रश्न तींत असून ते उत्तरोत्तर कठीण होत जात. १९०८ सालीं ‘मानसिक वय’ ही कल्पना त्यांनीं आणिली. बहुसंख्य आठ वर्षांच्या मुलांस जे प्रश्न सुटतात तेवढे ज्यास सुटले त्याचें मानसिक वय आठ, मग त्याचें खरें वय कांहींही असो. जर्मनीचे विल्यम स्टर्न यांनीं १९१२ सालीं मानसिक वयास खऱ्या वयानें भागण्याची युक्ति काढिली. अमेरिकेचे लुइस टर्मन यांनीं १९१६ सालीं त्या भागाकारास शंभरानें गुणिलें. आणि बुद्ध्यंक जन्मास आला. दहा वर्षांच्या मुलाचें मानसिक वय आठ असेल तर त्याचा बुद्ध्यंक ८०. (हल्लीं गणिताची रीत बदलली आहे, समवयस्कांच्या सरासरीशीं तुलना करून आंकडा काढितात.)

बिने यांनीं हें माप मुलांस वर्गाबाहेर घालविण्यासाठीं केलें नव्हतें, त्यांस अधिक मदत मिळावी म्हणून केलें होतें. मुलाची बुद्धि ही ठरीव मापाची वस्तु आहे, ती वाढवितां येत नाहीं, असें म्हणणाऱ्यांचा त्यांनीं १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत कडक निषेध केला आहे. मागें पडणाऱ्या मुलांचें लक्ष, स्मरण व निश्चय वाढावा म्हणून शरीराच्या व्यायामासारखे मनाचे व्यायामही त्यांनीं सुचविले. १९११ सालीं ते वारले, आणि त्यांचें माप ज्यांच्या हातीं गेलें त्यांनीं नेमका उलटा सिद्धान्त त्यास जोडिला.

अमेरिकेंत हेन्री गोडार्ड यांनीं आगबोटींतून नुकत्याच उतरलेल्या, भाषा न जाणणाऱ्या, थकल्याभागल्या परदेशीय लोकांची न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर १९१३ सालीं अशी परीक्षा घेतली, व त्यांतील फार मोठा भाग मंदबुद्धि ठरविला. पहिल्या महायुद्धांत सतरा लक्षांहून अधिक शिपायांस असे प्रश्न घालण्यांत आले. निरक्षरांसाठीं चित्रांची परीक्षा होती. चित्रांत काय उणें आहे तें दाखवावयाचें. एका चित्रांत टेनिसचें मैदान होतें, पण त्यावर जाळें नव्हतें. दुसऱ्यांत फोनोग्राफ होता, पण त्यास कर्णा नव्हता. ज्यानें जन्मांत टेनिस पाहिलें नाहीं असा इटलीचा शेतकरी तेथें काय दाखविणार? परंतु या शिपायांच्या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनीं १९२३ सालीं एक ग्रंथ लिहून युरोपांतील कोणत्या लोकांची बुद्धि उच्च व कोणाची हीन, तें जाहीर करून टाकिलें. सात वर्षांनीं, १९३० सालीं, आपली ती सारी इमारत पायांपासून ढांसळली असल्याचें त्यांनीं स्वतःच छापून कळविलें. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण दरम्यानच्या सात वर्षांत त्या मताचा गाजावाजा सर्वत्र होऊन चुकला होता, आणि १९२४ सालीं परदेशीयांस अटकाव करणारा कायदाही होऊन गेला होता.

हिंदुस्थानांत हें माप लवकरच आलें. लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन कॉलेजांतील डॉ. सी. एच. राईस यांनीं १९२२ सालीं बिने यांच्या प्रश्नांस हिंदुस्थानी रूप देण्याचा प्रयत्न केला. आपल्या बाजूस हें काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं हातीं घेतलें. कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं केलेल्या श्रेणीची हकीकत १९३४ सालीं इंग्लंडांतील एका शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या नियतकालिकांत आली, व १९४० सालीं ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हें त्यांचें पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें प्रसिद्ध केलें. मराठी मुलांची बुद्धि मराठींतच विचारली पाहिजे, हा साधा न्याय त्या काळीं कोणी तरी पदरमोड करून अमलांत आणावयाचा होता.

असें काम केवळ भाषांतरानें होत नाहीं. परदेशीय नाणीं मुलांनीं पाहिलेलीं नसतात. एका भाषेंत बाळबोध असलेला शब्द दुसरींत पंडिती होतो. पॅरिसच्या सहा वर्षांच्या मुलास सोपा जाणारा प्रश्न धारवाडच्या सहा वर्षांच्या मुलास सोपा जाईलच असें नाहीं. म्हणून प्रत्येक प्रश्न पुन्हा शेंकडों मुलांपुढें ठेवून तो कोणत्या वयास बसतो तें नव्यानें पाहावें लागतें. पण मग आमच्या मनांत अशी शंका येते कीं, पॅरिसहून धारवाडास येतांना जर प्रश्न बदलावे लागतात, तर धारवाडाहून राजपुरीस येतांना ते बदलावयास नकोत काय?

कारण नवगांव, थळ, वरसोली, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, राजपुरी येथील कोळीवाड्यांतून वाढणारें मूल एका निराळ्याच पाठशाळेंत शिकत असतें. त्यास भिंतीवरील घड्याळाच्या आधीं समुद्राचें घड्याळ कळूं लागतें. पौर्णिमेस व अमावास्येस पूर्ण भरती सुमारें बारा वाजतां येते. पुढें दर तिथीस ती सुमारें पाऊण तास उशिरां येते. म्हणून तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. आतां प्रश्न असा कीं, चतुर्थीच्या दिवशीं सकाळीं अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत पायीं जाऊन पायींच परत यावयाचें तर केव्हां निघावें? पूर्ण भरती पहाटे तीन वाजतां, म्हणून पूर्ण ओहोटी नऊ वाजतां. तेव्हां आठाच्या सुमारास निघावें व दहाच्या आंत परतावें. (हा ठोकळ हिशेब आहे, विद्यार्थ्यांनीं प्रत्यक्ष जातांना भरतीचा छापील तक्ता पाहावा व स्थानिक मंडळींस विचारावें.) या लहानशा उत्तरांत अपूर्णांकाचा गुणाकार आहे, बारांचें चक्र आहे, अर्ध्या आवर्तनाची कल्पना आहे, आणि नियम ठोकळ असल्यामुळें दोन्ही बाजूंस सवड ठेवण्याचा शहाणपणाही आहे.

डोल जाळ्याचें काम तर याहून अवघड. हें जाळें समुद्रांत रोवलेल्या खुंटांस बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडाशीं लावितात. बोंबील, जवळा वगैरे मासळी प्रवाहाबरोबर आंत येते, व प्रवाह मंदावून उलटण्याच्या सुमारास जाळें काढावें लागतें. उधाणाच्या दिवसांत पाण्यास जोर असतो, भांगाच्या दिवसांत नसतो. ज्या मुलानें वडिलांबरोबर होडीवर दोन हंगाम काढिले आहेत, त्याच्या डोक्यांत चंद्र, पाणी, वारा व खोली यांचा मेळ सतत चाललेला असतो. हेंच मूल शाळेंत ‘पाऊण गुणिलें चार’ हा प्रश्न फळ्यावर पाहून गप्प बसलें, तर त्यास कोणत्या नांवानें हांक मारावी?

जाळ्यावरून एडिंग्टन या इंग्रज ज्योतिःशास्त्रज्ञांनीं १९३९ सालच्या ग्रंथांत दिलेला एक दृष्टान्त आठवतो. एक मत्स्यशास्त्रज्ञ दोन इंच आसाचें जाळें समुद्रांत टाकून आलेली मासळी तपासतो व नियम बांधतो कीं, समुद्रांतील कोणताही जीव दोन इंचांहून लहान नसतो. समुद्रांत लहान जीवही असतील, अशी कोणी शंका काढिली तर तो म्हणतो, जें माझ्या जाळ्यांत येत नाहीं तें मत्स्यशास्त्राच्या कक्षेंतच येत नाहीं. एडिंग्टन यांचा रोख पदार्थविज्ञानाकडे होता, पण बुद्धीच्या मापास हा दृष्टान्त अधिक शोभतो. आमच्याकडील कोणाही कोळ्यास तो ऐकवावा. जवळ्यास एक जाळें व पापलेटास दुसरें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं.

१९३१ व १९३२ सालीं रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया मध्य आशियांतील उझबेकिस्तानांत गेले व तेथील निरक्षर शेतकऱ्यांस त्यांनीं कांहीं प्रश्न विचारिले. हातोडा, करवत, कुऱ्हाड व लांकडाचा ओंडका, यांत वेगळें काय? शाळेंतील मूल चट्कन ओंडका म्हणेल, कारण बाकीचीं हत्यारें आहेत. शेतकरी म्हणत, चारही एकत्रच हवींत. ओंडकाच नसेल तर करवत व कुऱ्हाड काय करणार? दुसरा प्रश्न असा कीं, अतिउत्तरेकडे जेथें बर्फ असतें तेथें सर्व अस्वलें पांढरीं असतात. नोव्हाया झेम्ल्या अतिउत्तरेस आहे. तर तेथील अस्वलांचा रंग कोणता? उत्तर येई कीं, आम्ही तेथें गेलों नाहीं. जें पाहिलें नाहीं त्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. न्यायालयांत साक्षीदार असें बोलला तर आपण त्यास सत्यवचनी म्हणतों, परीक्षेंत बोलला तर त्यास शून्य गुण देतों. पुढें आफ्रिकेंत लायबेरियामधील क्पेले लोकांविषयींही अशीच एक गंमत नमूद आहे. वस्तूंचे गट लावण्यास सांगतां एका शेतकऱ्यानें कामाच्या जोडीनें वस्तु मांडिल्या, व शहाणा मनुष्य असेंच करील असें तो सांगत राहिला. अखेर ‘मूर्ख कसें करील?’ असें विचारतांच त्यानें खाण्याचे पदार्थ एकीकडे व हत्यारें एकीकडे, असे पाश्चात्य पंडितांस हवे तसे गट झट्दिशीं लावून दिले!

तथापि एक गोष्ट येथें लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. उझबेकिस्तानांत ज्यांस वर्ष-दोन वर्षें शिक्षण मिळालें होतें त्यांस अस्वलाचा प्रश्न सुटूं लागला होता. न पाहिलेल्या गोष्टीविषयीं केवळ विधानांवरून अनुमान काढणें ही मोठी शक्ति आहे, व ती मुख्यतः शाळेंतच मिळते. आज हैदराबादच्या सागर-माहिती केंद्राकडून मासळीच्या जागांचा अंदाज अक्षांश-रेखांशांसह मच्छीमारांस मिळतो. तो वाचावयाचा तर न पाहिलेल्या जागेविषयीं विचार करतां आलाच पाहिजे. तेव्हां ‘आमच्या पोरास समुद्र येतो, त्यास शाळा कशाला?’ असें म्हणणाऱ्या पालकांनीं आमचा लेख आपल्या बाजूचा समजूं नये.

दोन्ही विद्या एकाच डोक्यांत असून एकमेकींस ओळखत नाहींत, हा खरा अडचणीचा भाग आहे. ब्राझील देशांतील रेसिफे या बंदराच्या शहरीं रस्त्यावर फळें विकणाऱ्या पांच मुलांचा अभ्यास १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एक नारळ ३५ क्रुझेरोंस, तर चार नारळांचे किती? मुलगा म्हणाला, तिहींचे १०५, त्यांत ३० मिळविले, १३५, एक नारळ ३५ चा, एकंदर १४०. तोच हिशेब पुढें कागदावर ‘३५ गुणिलें ४’ असा मांडून दिला तेव्हां त्याच मुलानें हातचा चुकीच्या जागीं मिळवून उत्तर लिहिलें २००! त्या मुलांचीं बाजारांतील शेंकडा ९८ उत्तरें बरोबर आलीं, व नुसत्या आंकड्यांच्या कागदी उदाहरणांचीं शेंकडा ३७. ज्या मुलानें चार नारळांस २०० मागितले असते त्याचा धंदा एका दिवसांत बुडाला असता. पण कागदावर २०० लिहितांना त्यास कांहींच खटकलें नाहीं, कारण कागदावर नारळ नव्हते.

कोणी म्हणेल, हें परदेशांतील पांच मुलांचें झालें. पण २०२५ सालीं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीं केलेलें मोठें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांतही हेंच आढळलें. आणि उलट बाजूही आढळली. शाळेंत कागदी गणितें भराभर करणारीं मुलें बाजारांतील साध्या देवघेवीचा तोंडी हिशेब करतांना अडखळलीं. म्हणजे नापास कोणास करावें, हें परीक्षा कोठें भरवितां यावर अवलंबून राहिलें. अलिबागच्या किंवा रेवदंड्याच्या बाजारांत आईजवळ बसून मासळीचे वांटे लावणाऱ्या मुलीचा हिशेब आमच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकांत उतरत नाहीं.

बुद्ध्यंकाचा आंकडा जन्मसिद्ध व अढळ आहे, या समजुतीस दुसराही एक धक्का बसला आहे. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, अमेरिकेंत दर दहा वर्षांस सरासरी सुमारें तीन गुणांनीं लोकांचीं उत्तरें सुधारत गेलीं होतीं, आणि पुढें इतर पुष्कळ देशांतही असेंच आढळलें. पन्नास वर्षांत कोणत्याही लोकांचें रक्त बदलत नाहीं; शाळा बदलतात, अन्न बदलतें, घरांतील बोलणें बदलतें.

मग हें माप समुद्रांत फेंकून द्यावें काय? आमचें मत तसें नाहीं. वाचनांत अडखळणारें एखादें मूल आळशी नसून त्यास अध्ययन-अक्षमता आहे, हें ठरवितांना अशा चांचण्यांचा उपयोग होतो, व त्यावरून आपल्या राज्यांत त्यास शालान्त परीक्षेंत जादा वेळ व इतर सवलती मिळतात. म्हणजे बिने यांचा जो मूळ हेतु होता त्याच कामीं तें माप येथें लागतें. मात्र असा कागद हातीं आला असतां पालकांनीं विचारावें कीं, प्रश्न कोणत्या भाषेंत घातले, ज्यांच्या सरासरीशीं तुलना केली तीं मुलें कोठचीं होतीं, आणि आतां शाळा या मुलासाठीं निराळें काय करणार आहे. तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें घरीं नेऊन उपयोग नाहीं. तसेंच हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ सालच्या पुस्तकापासून बुद्धीचे अनेक प्रकार मानण्याची चाल पडली आहे. ती उदार दिसते; पण त्या प्रकारांस प्रयोगाचा आधार तोकडाच आहे, आणि एका शिक्क्याऐवजीं सात-आठ शिक्के मुलांच्या कपाळीं मारण्यांत आम्हांस फारसा लाभ दिसत नाहीं.

परदेशांतून आलेला सिद्धान्त आपल्या किनाऱ्यावर नुसता न लादतां तो येथील वाळूंत रुजवावा कसा, याचें आम्हांस आवडतें उदाहरण आपल्याच कोंकणपट्टीच्या उत्तर टोंकास घडलें. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत बालगृह उघडलें; मूल आपल्या हातांनीं, आपल्या गतीनें शिकतें, हें त्यांचें सूत्र होतें. परंतु त्यांचें साहित्य महाग, घडीव व मोजून केलेलें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. तेथें लांकडी ठोकळ्यांच्या जागीं शंख, शिंपले, खडे, बिया, पानें आलीं. सूत्र माँटेसरींचें राहिलें, वस्तु गांवच्या झाल्या. १९५७ सालीं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी पाड्यांवरील मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां मुलें नालायक असा निष्कर्ष त्यांनीं काढिला नाहीं. शाळाच पाड्यावर नेली, व झोंपडीपुढील अंगणांत ती भरविली. मुलांचें न्हाणें, केंस विंचरणें, गाणीं, गोष्टी, मोजणें, सारें तेथेंच. त्या शाळेस ताराबाईंनीं अंगणवाडी म्हटलें. १९७५ सालीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां तिच्या केंद्रांस हेंच नांव दिलें गेलें, आणि आपल्या कोळीवाड्यांतील लहान मुलें आज ज्या ठिकाणीं पहिल्यानें मोजूं लागतात तीं ठिकाणें त्याच नांवानें ओळखलीं जातात.